लाखोळीचे विष आणि कागदावरचा डाग

झाशी शहराच्या पूर्वेस, लक्ष्मी दरवाजाबाहेर, लक्ष्मी ताल नावाचा जुना तलाव आहे. त्याच्या काठी महालक्ष्मीचे देऊळ आणि जवळच गंगाधरराव नेवाळकरांची छत्री. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले आणि राणी लक्ष्मीबाईंनी ही छत्री उभारविली. मराठी माणूस झाशीस गेला म्हणजे किल्ला पाहून झाल्यावर त्याची पावले आपोआप इकडे वळतात. सरकारी कामानिमित्त मला तेथे काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा माझेही तसेच झाले. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेतलेला तो तलाव फारसा रमणीय होता असे म्हणवत नाही. पण संध्याकाळची उन्हे छत्रीवर पडली होती, आणि रस्त्याच्या कडेला एक म्हातारा टोपली घेऊन भाजलेले चणे विकीत बसला होता. त्याच्याकडून घेतलेल्या पुडीत मला दोन-तीन निराळे दाणे सापडले. हरभऱ्याहून लहान, करड्या रंगाचे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे एका बाजूस निमुळते. मी ते तळहातावर घेऊन म्हाताऱ्याला दाखविले. तो हसून म्हणाला, "तेवरा है, बाबूजी. आ जाता है."

श्रोतेहो, हा तेवरा म्हणजेच बिहार-बंगालकडची खेसारी, आणि आमच्या भंडारा-चंद्रपूरकडची लाख किंवा लाखोळी. वनस्पतिशास्त्रात तिला लॅथिरस सॅटायव्हस म्हणतात. माझे बालपण ज्या घरात गेले त्या घरी लाखोळीचे वरण होत असे आणि तिच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होत असे. आणि याच लाखोळीची पोती जप्त करण्याच्या कामी मी एकदा हजर होतो. तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढचा इतिहास मी का धुंडाळला हे कळावयाचे नाही.

२००६ सालची गोष्ट. नोकरीत मी नवा होतो आणि पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. अन्नभेसळीच्या कायद्याखाली खेसारीच्या विक्रीस १९६१ सालापासून बंदी होती, आणि आठवड्याच्या बाजारात ती उघड विकली जाते अशी तक्रार आली होती. अन्न निरीक्षकांबरोबर पंच म्हणून मी गेलो. एका शेतकरी बाईपुढे दोन पोती होती. नमुना घेतला, पोती मोहोरबंद केली, पंचनामा लिहिला. बाईने आरडाओरडा केला नाही. ती एवढेच म्हणाली, "साहेब, तीन पिढ्या हेच खाऊन वावरात राबल्या. जहर हाये म्हनता, त दाखवा ना कुठी हाये ते."

मजजवळ उत्तर नव्हते. इतिहासाचा पदवीधर, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेनंतर तुटलेला. निरीक्षकांनाही कलम ठाऊक होते, विष ठाऊक नव्हते. त्या बाईचा प्रश्न मनात राहिला, आणि पुढे कित्येक वर्षे फुरसतीत मी त्याचा माग काढीत राहिलो.

हा माग मला प्रथम नेमका बुंदेलखंडातच घेऊन आला. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले तो स्लीमन १८३५ च्या डिसेंबरात झाशीवरून ग्वाल्हेरकडे गेला. रामचंद्रराव नुकतेच वारले होते आणि गादीवर कोणी बसावे याचा वाद ताजा होता. त्याच्या प्रवासाचा ग्रंथ १८४४ साली प्रसिद्ध झाला. स्लीमन आमच्याच व्यवसायातला माणूस. पाहिलेले टिपून ठेवावे ही आमच्यातील थोड्यांची जी चांगली सवय, ती त्याला होती. झाशीच्या दक्षिणेस दोनेकशे किलोमीटरांवरच्या सागर भागाचा कारभार त्याने पाहिला होता. तेथील हकीकत तो अशी देतो : १८२९ साली उभ्या गव्हावर गारांचा मारा झाला, १८३० साली पाऊस अपुरा पडला, १८३१ साली तांबेऱ्याने पीक गेले. तिन्ही वर्षे एक तेवरा मात्र तरारून आला. लोकांनी तोच पेरला, तोच खाल्ला, आणि देवाचे आभार मानले. १८३३ पासून तिशीच्या आतल्या तरुणांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी उठावयास जातो तो पाय उचलत नाहीत. मरण नाही, वेदना फारशी नाही, बुद्धी शाबूत; केवळ पाय गेले, ते पुन्हा आले नाहीत.

हे काही स्लीमनने नवे शोधले असे नव्हे. आमच्या आयुर्वेदात 'कलायखंज' नावाचा वातविकार सांगितला आहे. चालू लागताना जो थरथरतो आणि लंगडत जातो त्यास हे नाव. कलाय हे कडधान्याचे नाव आहे, तेव्हा रोगाच्या नावातच त्याचे कारण सांगून ठेवलेले आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने 'त्रिपुट' नावाचे कडधान्य माणसास पांगळे करते असे नमूद केले. युरोपातही व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूकने १६७१ साली पावात या धान्याचे पीठ घालण्यास मनाई केली होती. माद्रिद नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यात होते तेव्हा उपाशी लोकांनी हेच धान्य खाल्ले; गोया या चित्रकाराने कोरलेल्या एका चित्रात लाखोळीचे पीठ घेण्यास जमलेली माणसे आहेत, आणि पुढ्यात एक बाई पाय गेल्यामुळे जमिनीवर पडलेली आहे. १८७३ साली नेपल्सच्या कांतानी या वैद्याने रोगास 'लॅथिरिझम' हे नाव दिले. नाव मिळाले, कारण मिळण्यास आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

या नव्वद वर्षांत शहाण्यासुरत्या माणसांनी ज्या चुका केल्या त्या मोठ्या बोधप्रद आहेत. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी हिंदुस्थानात कसोशीने प्रयोग केले. शुद्ध खेसारी वेगळी पिकवून जनावरांना खाऊ घातली. काही झाले नाही. तेव्हा खेसारीच्या शेतात 'अकटा' नावाचे जे तण उगवते त्याच्या बियांवर त्यांनी ठपका ठेवला. खेसारी निर्दोष सुटली! पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत बागेतल्या सुवासिक गोड वाटाण्यातून एक द्रव्य मिळाले आणि उंदरांना ते दिले असता त्यांची हाडे वाकली. पण आमच्या पांगळ्या माणसांची हाडे सरळ असतात. त्यांचा बिघाड मज्जासंस्थेत असतो. एकाच कुळातली वनस्पती म्हणून तोच रोग असेल, हा तर्क फसला. खेरीज मोठी जनावरे या विषाला सहसा दाद देत नाहीत हेही कोणास ठाऊक नव्हते. न्यायालयात साक्षीदार फिरतात तसे येथे उंदीर फिरले, असेच म्हणावयाचे.

मूळ अडचण निराळीच होती. दाण्याच्या अर्कात शेकडो द्रव्ये एकत्र मिसळलेली असतात. त्यांतील एक वेगळे काढावयाचे, आणि काढल्यावर ते कोण हे ओळखावयाचे, याचे साधनच रसायनज्ञांच्या हाती नव्हते. हे साधन म्हणजे क्रोमॅटोग्राफी; मराठीत आपण तीस वर्णलेखन म्हणतो. त्याची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे.

मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या आडनावाचा रशियन भाषेतला अर्थच 'रंग'. १९०३ साली वॉर्सा येथे त्याने सांगितले की, काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासून भरावी, वरून पानांचा अर्क ओतावा आणि मग द्रावक सोडीत जावे, म्हणजे एकजीव दिसणारा हिरवा रंग खाली उतरता उतरता हिरव्या आणि पिवळ्या पट्ट्यांत फाटतो. त्याने १९०६ साली यास वर्णलेखन हे नाव दिले. लोकांनी ते ऐकले आणि सोडून दिले. पानातले रंग दिसतात. अमिनो आम्ले रंगहीन असतात. प्रथिनांच्या या विटा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पाण्यात इतक्या गढून जातात की सुटत नाहीत.

येथे दोन इंग्रज तरुण पुढे येतात : आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज. लीड्स शहरातील लोकरधंद्याच्या संशोधनसंस्थेत ते नोकरीस होते. लोकरीच्या प्रथिनात कोणती अमिनो आम्ले किती, एवढाच त्यांचा कारखानदारी प्रश्न. १९४१ साली त्यांनी केले ते असे. सिलिकेच्या भुकटीला पाणी पाजले. ते पाणी जागचे हलत नाही. वरून क्लोरोफॉर्म वाहू दिले. पण अमिनो आम्ल पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये यावयास राजी नसते. म्हणून त्यास आधी ॲसेटिल गटाचा अंगरखा चढविला. अशा अंगरखा चढविलेल्या रेणूस रसायनात अनुजात म्हणतात : मूळ रेणू तोच, पण वागणूक बदललेली. आता हे अनुजात वाहत्या क्लोरोफॉर्मबरोबर चालू लागले, मध्येच पाण्यात शिरले, पुन्हा बाहेर आले. पंढरीच्या वाटेवर सगळे एकाच वेळी निघतात. पण एक प्रत्येक पाणपोईपाशी टेकतो, दुसरा सरळ चालत राहतो, आणि मुक्कामी दोघांत कोसाचे अंतर पडलेले असते. तसेच येथे झाले. वाटेत कोण कोठे आहे हे कळावे म्हणून भुकटीत मेथिल ऑरेंज हा रंगबदल्या पदार्थ मिसळला होता. जेथे आम्ल, तेथे लाल पट्टा.

तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, कॉन्स्डेन आणि गॉर्डन यांच्या जोडीने मार्टिनने नळीही टाकून दिली. साधा गाळणकागद घेतला. कागदाच्या तंतूंत मुळातच ओल धरलेली असते. तीच स्थिर पाणी. कागदाच्या कडेशी नमुन्याचा थेंब सुकवावयाचा, कड द्रावकात बुडवावयाची, आणि रात्रभर तसेच ठेवावयाचे. सकाळी कागद वाळवून त्यावर निनहायड्रिन फवारावयाचे. हे द्रव्य १९१० साली केंब्रिजात रूहेमान याने योगायोगाने शोधले होते. कागद किंचित तापविला की कोरा दिसणाऱ्या जागी जांभळे डाग उमटतात. प्रत्येक डाग म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि तो किती दूर चालला यावरून तो कोण हे कळते. जे काम करावयास पूर्वी किलोभर प्रथिन आणि वर्ष-दोन वर्षे लागत, ते एका थेंबावर आणि एका रात्रीत होऊ लागले. १९५२ चे नोबेल पारितोषिक मार्टिन आणि सिंज यांना मिळाले ते याकरिता.

त्या केंब्रिजशी आपला एक घरगुती धागा आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाही. हे दोघे लीड्सला जाण्यापूर्वी केंब्रिजातच होते, आणि त्याच सुमारास, म्हणजे १९३७ ते १९३९ या काळात, हॉपकिन्सच्या जीवरसायन विभागात एक मराठी मुलगी संशोधन करीत होती : कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. स्त्री म्हणून बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत त्यांना प्रवेश देण्यास प्रत्यक्ष सी. व्ही. रामन यांनी १९३३ साली खळखळ केली होती. त्या मात्र हटून बसल्या. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी नीरा आणि कडधान्ये यांवर जे काम केले, ते गरिबांच्या पानात काय पडते या प्रश्नाशीच निगडित होते. कडधान्यांत पोषक प्रथिने असतात तशी पचनास आडकाठी करणारी द्रव्येही असतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेत तपासले जात होते. खेसारीचे कोडे त्यांच्या हातून सुटले नाही. पण ज्या पिढीने ते सोडविले तिच्यासाठी वाट कोणी मळविली हे लक्षात ठेवावयास हवे.

ते कोडे सुटले बंगलोरच्या त्याच संस्थेत. तेथे प्रा. के. व्ही. गिरी यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत वर्तुळाकार कागदाच्या वर्णलेखनाची रीत घासूनपुसून सिद्ध केली होती. वाटोळ्या कागदाच्या मध्यभागी द्रावक झिरपते, आणि अमिनो आम्ले पाण्यातल्या तरंगांसारखी कंसाकंसांनी बाहेर पसरतात. यंत्रसामग्री म्हणाल तर दोन काचेच्या थाळ्या आणि एक वात! परदेशी चलन दुर्मिळ असलेल्या देशास ही रीत किती सोयीची झाली असेल याची कल्पना आज येणे कठीण आहे. गिरी १९५८ साली वारले. पण ही विद्या त्या विभागात मुरलेली होती, आणि प्रा. पी. एस. सर्मा यांच्या हाताखाली आदिगा, पद्मनाभन, राव ही तरुण मंडळी खेसारीच्या मागे लागली.

दाणे दळावयाचे, पाणी मिसळलेल्या मद्यार्काने अर्क काढावयाचा, तो आयन बदलणाऱ्या राळेच्या स्तंभावरून सोडावयाचा, आणि जे जे भाग खाली उतरतील ते एकेक करून कागदावर तपासावयाचे. १९६२ पासून त्यांचे लेख येऊ लागले. विष तपासण्यासाठी त्यांनी उंदीर बाजूस ठेवून एक दिवसाचे कोंबडीचे पिल्लू घेतले, आणि येथेच यशाची किल्ली होती. वाढलेल्या जनावराच्या मेंदूभोवती जे कुंपण असते ते कोवळ्या पिल्लात अजून पुरते उभे राहिलेले नसते. अमुक एक भाग टोचला की पिल्लाची मान पिळवटे आणि त्यास झटके येत. त्या भागाने कागदावर निनहायड्रिनचा जांभळा डाग दिला. म्हणजे ते अमिनो आम्ल होते. परंतु प्रथिनांत सापडणाऱ्या वीस परिचित आम्लांपैकी ते कोणी नव्हते. विजेच्या क्षेत्रात ठेवले की धन पट्टीकडे धावे. म्हणजे आम्लता भरपूर.

मग त्यास आम्लात उकळले, तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. एक ऑक्झॅलिक आम्ल, जे आपल्या चुक्यात आणि अंबुशीत असते. दुसरा डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल. विष म्हणजे या दुसऱ्याच्या अंगावर पहिल्याचा गट चढलेला. मार्टिन आणि सिंज यांनी अमिनो आम्लास जो अंगरखा मुद्दाम शिवून घातला होता, तसाच एक अंगरखा या वनस्पतीने आपल्या आपण चढविला होता : निसर्गाने केलेले अनुजात! तुकडे वेगळे असताना या जोडीचा गुण त्यांपैकी एकातही नाही. राव, आदिगा आणि सर्मा यांचा निर्णायक लेख १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमणियन हेही स्वतंत्रपणे त्याच द्रव्यापाशी पोहोचले. त्याचे लांबलचक नाव आखडून ओडॅप असे म्हणतात.

एवढी वर्षे ते निसटले कसे, याचे उत्तरही याच कृतीत आहे. धान्याचे पोषणमूल्य तपासणारे रसायनज्ञ प्रथिनाचे विघटन करण्यासाठी पीठ तीव्र आम्लात तासन् तास उकळतात. त्या उकळीत ओडॅप स्वतःच तुटून जाते. चोर धरण्यासाठी घर पाडावे, आणि त्या गडबडीत चोर वेष टाकून गर्दीत मिसळावा, असा हा प्रकार. प्रथिनाच्या बाहेर मोकळ्या अवस्थेत हिंडणारी अमिनो आम्ले हलक्या हाताने वेगळी काढण्याची विद्या कागदाने दिली, तेव्हाच ते सापडले. योगायोग असा की, १९६२ सालीच अकट्याच्या बियांतही एक निराळे विषारी अमिनो आम्ल सापडले. १९२५ चे शास्त्रज्ञ अगदीच भलत्या दिशेस गेले नव्हते. त्यांना एक विष दिसले, ते मात्र या रोगाचे नव्हते.

विष कुठे आहे, या बाईच्या प्रश्नास येथे उत्तर मिळाले. पण मला त्याने समाधान झाले नाही, कारण तिच्या बोलण्यात दुसराही एक प्रश्न होता : असे असून आमच्या तीन पिढ्या उभ्या कशा? याचे उत्तर 'कोण' यात नसून 'किती' यात आहे. आणि किती हे मोजण्यास कागदावरचा जांभळा डाग पुरत नाही.

रावांनीच १९७८ साली एक सोपी रीत दिली. अर्क अल्कलीत उकळून विष तोडावयाचे आणि उरलेल्या तुकड्यावर ऑर्थोफ्थॅलाल्डिहाइड टाकून पिवळा रंग उमटवावयाचा. रंगाची गडदता मोजली की प्रमाण निघते. हजारो वाणांची पारख या रीतीने झाली. तिला एक मर्यादा होती. ओडॅपचे दोन जुळे भाऊ असतात, आल्फा आणि बीटा. ऑक्झॅलिक गट कोणत्या नत्रावर बसला एवढाच काय तो त्यांत फरक. बीटा मारक, आल्फा पुष्कळ सौम्य. उष्णता लागली की काही बीटाचे आल्फात रूपांतर होते. अल्कलीत दोघेही तुटतात, म्हणून पिवळा रंग दोघांची बेरीज सांगतो, वाटणी सांगत नाही. वाटणी कळण्यासाठी पुन्हा अंगरख्याकडेच वळावे लागले. इन्शुलिनची रचना उलगडणाऱ्या फ्रेडरिक सँगरने १९४५ साली अमिनो आम्लास पिवळा करणारे एक द्रव्य वापरात आणले होते. त्याच जातीची अभिकर्मके ओडॅपला चढवून, ते अनुजात उच्च दाबाच्या स्तंभातून सोडले म्हणजे आल्फा आणि बीटा निरनिराळ्या क्षणी बाहेर पडतात, आणि दोन्हींचे प्रमाण वेगळे मिळते. लोकरीच्या कारखान्यासाठी निघालेली युक्ती अशी फिरत फिरत गरिबाच्या वरणापर्यंत आली.

या मोजणीतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. वाणावाणांत विषाचे प्रमाण पुष्कळ कमीअधिक असते. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या 'महातेवरा' या वाणात ते शेकडा ०.१ हूनही कमी आहे. 'रतन' आणि 'प्रतीक' हे वाणही याच कारणासाठी निवडले गेले. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले तर विषाचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो, हे हैदराबादच्या पोषणसंशोधकांनी, मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी, १९६६ सालीच दाखविले होते. आणि रोग होतो तो वरणात अधूनमधून लाखोळी खाणाऱ्यांना नव्हे. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा अधिक भाग महिनोन् महिने केवळ खेसारीचाच असला, सोबत दुसरे धान्य नसले, तर होतो. सागरच्या त्या तीन वर्षांत हेच झाले होते. १९४२-४३ च्या हिवाळ्यात युक्रेनमधील वाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच धान्य खाऊ घातले गेले, तेव्हाही हेच झाले. कैद्यांतीलच आर्थर केसलर या डॉक्टरने कारण ओळखले.

आणि विंध्य प्रदेशात हे दुष्काळावाचूनही होत असे. रेवा भागात शेतमजुराची मजुरी खेसारीच्या रूपाने मोजून देण्याची चाल होती. जमीनदार गहू विकी आणि सालदारास तेवरा देई. द्विवेदी आणि प्रसाद यांनी १९६४ साली, म्हणजे बंगलोरचा लेख निघाला त्याच वर्षी, रेवा जिल्ह्याची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील पांगळे बहुधा भूमिहीन मजूर आणि बहुधा तरुण पुरुष होते. एकाच साली एका लेखाने विषाची रेणुरचना सांगितली आणि दुसऱ्याने ते कोणाच्या पोटात जाते ते सांगितले. माझ्या मते दोन्ही लेख एकत्र वाचल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. बंदीचा कायदा विक्रीस होता. मजुरीत दिलेले धान्य बाजारात येतच नाही. जेथे विष भिनत होते तेथे कायदा पोहोचला नाही, आणि जेथे तो पोहोचला तेथे, माझ्या डोळ्यांदेखत, एका बाईची दोन पोती मोहोरबंद झाली.

ही टीका मी स्वतःस वगळून करीत नाही. पंचनाम्यावर सही माझीच आहे. कायदा करणाऱ्यांच्या बाजूनेही एक सांगितले पाहिजे. १९६१ साली विष कोणते हेच ठाऊक नव्हते. ते मोजण्याची रीत नव्हती, सौम्य वाणही नव्हते. डोळ्यांपुढे फक्त पांगळी माणसे होती. अशा वेळी सरसकट मनाई करणे हाच शहाणपणा वाटणार. पण मोजमाप हाती आल्यानंतरही मनाई तशीच राहिली, आणि शेतकरी धानाच्या उभ्या पिकात उतेरा पद्धतीने लाखोळी टाकीतच राहिले. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर, नांगरटीवाचून, खतावाचून दुसरे कोणते पीक येणार? महाराष्ट्राने २००८ साली आपल्यापुरती बंदी उठविली. २०१६ च्या सुमारास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने कमी विषाच्या तीन वाणांना मोकळीक देण्याची शिफारस केली.

लक्ष्मी तालाच्या काठावर ते दोन-तीन दाणे मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. चण्यात ते भेसळ म्हणून आले की शेजारच्या शेतातून वाहत आले, कोण जाणे. खोलीवर परतल्यावर आईला दूरध्वनी केला आणि लाखोळी ती कशी शिजविते ते विचारले. ती चकित झाली. स्वयंपाकातले मी कधी काही विचारीत नाही. म्हणाली, "अरे, त्यात काय आहे? एक उकळी आली की ते पाणी ओतून द्यायचं, मग नवीन पाणी घालून शिजवायची."

"पहिलं पाणी का ओतून द्यायचं?" मी विचारले.

ती म्हणाली, "सासूबाई ओतून द्यायच्या म्हणून."